नऊ आणि दहाच्या मधली सोळा मिनिटं

टिल्टन बंदर, र्‍होड आयलंड
बुधवार, ९ जुलै १७८८

तीर्थरूप डॉर्कस मावशीस,

भाची केझियाचा नमस्कार पोचावा. इथे आम्ही सगळे जिवंत आहोत. (एरवी हे वाक्य रीत म्हणून लिहितात. या वेळी माणसं मोजून लिहिलं आहे.) तुझा खोकला न्यू लंडनच्या हवेत कमी झाला असेल, काकांच्या गुडघ्याला नवीन लेप लागू पडला असेल, आणि दुकानात गिऱ्हाईक बरं असेल, अशी आशा करते. बाबांची प्रकृती ठीक आहे. उजव्या कानाने त्यांना आता काहीच ऐकू येत नाही. डाव्याने रविवारचं प्रवचन सोडून बाकीचं थोडंफार येतं.

तुला सायलस मामाचं पत्र आलं असेल, नसेल तर येईल. चार जुलैला टिल्टन बंदराच्या व्यापाऱ्यांनी ठरवून दगा केला आणि त्यात त्याचे मेहुणे, म्हणजे बाबा, सामील होते, असं त्यात असणार. आमच्या गावच्या वर्तमानपत्रात याच्या उलट छापलं आहे: टेकडीवरच्या हत्यारबंद शेतकऱ्यांपैकी कुणीतरी पहाटे आमच्या तोफेशी छेडछाड केली. दोन्ही चूक आहेत. तोफेपासून दहा पावलांवर मी उभी होते, हातात घड्याळ होतं, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते.

आमच्या तोफेबद्दल आधी सांगायला हवं. लढाईत बाबा ज्या जहाजावर तोफची होते त्याच जहाजावरची ही सहा शेरी गोळ्याची लोखंडी तोफ. जहाज बुडालं, तोफ उरली, आणि गावाने ती मैदानावर मांडून बाबांना तिचा मुख्य नेमलं. हा मान त्यांना जिवापेक्षा प्यारा आहे. पण गेल्या तीन वर्षांत कानाबरोबर त्यांची नजरही उतरली. त्यामुळे नळीचा व्यास मापणं, दारू तोलणं, एकेका बाराची दारू भरायच्या कापडी पिशव्या शिवणं आणि बार मोजणं हे सगळं मी करते. त्यांनीच शिकवलं आहे, त्यांच्याच वहीवरून. गावाला हे काम त्यांचंच वाटतं, आणि तसंच वाटत राहावं असं आमचं दोघांचं न बोलता ठरलेलं आहे. बाबांना बार ऐकू येत नाही, फक्त पायांना हादरा कळतो. आणि त्यांचा पाय कधी कधी चुकतो. म्हणून मी दोन हात उंचीची काळी फळी केली आहे. प्रत्येक बारानंतर तिच्यावर खडूने आकडा लिहून वर धरते. बाबा तो बघून मान हलवतात. (फळी एवढी मोठी असण्याचं कारण बाबांचे डोळे. ती पाव मैलावरून कुणालाही वाचता येते, हे त्या दिवसापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.)

आता भांडण. नवीन राज्यघटनेचा कागद तेरापैकी नऊ राज्यांनी मानला की त्या नवांपुरता लागू, असं त्या कागदातच लिहिलेलं आहे. जूनच्या अखेरीस बातमी आली की न्यू हॅम्पशायर नववं झालं. आपल्या र्‍होड आयलंडने मार्चमध्ये गावोगावी सभा घेऊन चक्क नाही म्हटलेलं आहे. बंदराच्या व्यापाऱ्यांना मात्र तो कागद हवा आहे, आणि त्यांचे पुढारी जेबेझ थर्बरशेठ यांनी जाहीर केलं की चार जुलैला स्वातंत्र्यदिनाबरोबर नवव्या राज्याचाही उत्सव करू: एक अख्खा बैल भाजायचा, नऊ वेळा पेले उंचावायचे, आणि प्रत्येक पेल्याला एक असे तोफेचे नऊ बार. नऊ घरच्या बायकांनी दारूच्या पिशव्यांसाठी आपापले फलालीनचे परकर दिले. प्रत्येक परकर एकेका राज्याच्या नावाने. न्यू हॅम्पशायर कुणाचा, यावरून दोन घरांतलं बोलणं अजून बंद आहे.

तीन तारखेच्या दुपारपासून सायलस मामा मेंढीच्या टेकडीवर येऊन बसला होता. बरोबर चारशे माणसं. निम्म्यांकडे लढाईतल्या बंदुका, उरलेल्यांकडे विळे आणि काठ्या. त्यांचं म्हणणं एवढंच की ज्या कागदाला राज्याने नकार दिला त्याचा जयजयकार राज्याच्या जमिनीवर होणार नाही. थर्बरशेठनीही वखारीतून साठ बंदुका बाहेर काढून तेल लावून ठेवल्या. मावशी, दोन्हीकडची माणसं बारा वर्षांपूर्वी एकाच राजाविरुद्ध एकाच खंदकात बसलेली आहेत. नेम कुणाचा कसा आहे हे त्यांना एकमेकांचं नीट ठाऊक आहे. मला त्याचीच भीती वाटत होती.

चार तारखेला सकाळी सहा वाजता थर्बरशेठच्या लाकडाच्या वखारीत तह झाला. बाबांना सल्ल्यासाठी बोलावलं होतं, आणि त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी लिहून दाखवायला होते. तहाची कलमं चार: नव्या कागदाचं नाव तोंडी काढायचं नाही, उत्सव फक्त स्वातंत्र्याचा, पेले तेरा आणि बार तेरा, म्हणजे सगळी राज्यं आली, बैल सर्वांचा. मामा सही करताना म्हणाला, "जेबेझ, सरळ सांगतो. तेरा बार ऐकले की आम्ही खाली येऊन जेवू आणि गुपचूप घरी जाऊ. नवावर तोफ थांबली तरीही खाली येऊ. पण मग जेवायला नाही." थर्बरशेठनी सही केली, वाळू टाकून शाई टिपली, मामा गेल्याची खात्री केली आणि बाबांच्या डाव्या कानाशी जाऊन म्हणाले की दोन बारांमध्ये अंतर किती असावं याबद्दल तहात काही लिहिलेलं नाही. नऊ झाले की जरा दम खाल्ला, एखादं मिनिट, तर कलम मोडत नाही आणि समजायचं ते लोकांना समजतं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पाटीवर लिहिलं: नवव्यानंतर थांबा म्हणतात. बाबा म्हणाले, "थर्बरशेठ, माझी तोफ स्वल्पविराम देत नाही." एरवी फार कमी बोलणारा माणूस आहे, हे तुला माहीत आहे. शेठ म्हणाले, "बरं बरं, राहिलं." पण त्या वखारीत तेव्हा दहाबारा जण होते, आणि मागाहून कुणाचाच विश्वास का बसला नाही त्याचं कारण हे. आम्ही नाही म्हटलेली गोष्टच आमच्या हातून घडली.

तहाचा दुसरा परिणाम कुणाच्या लक्षात आला नाही, माझ्याशिवाय. पिशव्या नऊच होत्या. आणखी चार शिवायच्या होत्या, अकराच्या आत, आणि नऊ परकर नवांत संपलेले. मी काय केलं ते पुढे येईल. चार पिशव्या शिवून झाल्या, दारू तोलून भरली, टोकं बांधली, नऊ डावीकडे आणि चार उजवीकडे अशा पेटीत लावल्या.

अकराला सुरुवात झाली. मैदानाच्या एका टोकाला मंच, त्यावर थर्बरशेठ, त्यांची समिती आणि त्यांची आई, ब्याऐंशी वर्षांची, खुर्चीत बसून मोजा विणत होती. (तिला विचारलं की आज काय आहे, तर ती म्हणे, शुक्रवार.) मंचापासून ऐंशी पावलांवर तोफ. समोर टेकडी. एक पेला उंचावायचा, नाव घ्यायचं, तोफ उडाली की मग प्यायचं. तोफेआधी पिणं अपशकुन, अशी आमच्याकडे रीत आहे. तोफेवर तिघं: बत्ती द्यायला बाबा, पिशव्या आणायला हायरम म्हणून एक सुतार, आणि नळी पुसून गजाने पिशवी आत ठासायला प्रायमसकाका. प्रायमस टेफ्ट तुला आठवेल. गुलामीतून मोकळा होण्यासाठी काळ्या शिपायांच्या पलटणीत नाव घातलेला, यॉर्कटाउनच्या लढाईपर्यंत जाऊन आलेला, आणि आता बंदरात पिंपं बांधणारा. ठासणाऱ्याचे दोन्ही हात तोफेच्या तोंडासमोर असतात. बाकी कुणाचेही नसतात.

नऊ बार व्यवस्थित झाले. दोन बारांत अडीच मिनिटं, फारतर पाच सेकंदांचा फरक. नववा झाला तेव्हा टेकडीवरची सगळी माणसं उभी राहिली. मंचावर थर्बरशेठनी दहावा पेला उंचावला आणि "सागरी व्यापाराला" असं काहीतरी म्हणाले. प्रायमसकाकांनी दहावी पिशवी ठासली. बाबांनी आतली पिशवी फुटावी म्हणून तोफेच्या कानात, म्हणजे मागच्या बत्तीच्या भोकात, टोचणी घातली, दारू ओतली, बत्ती दिली. कानावर भस्स झालं, थोडा धूर आला, आणि पुढे काही नाही.

मावशी, त्या शांततेत बैलाची चरबी निखाऱ्यावर पडल्याचं मला ऐकू आलं.

बाबांना वाटलं बार झाला. (त्यांचा पाय त्या दिवशी आधीच दोनदा चुकला होता.) त्यांनी प्रायमसकाकांना नळी पुसायची खूण केली आणि काका बोळा घेऊन तोंडाकडे वळले. आत जिवंत दारू, कानात कदाचित जिवंत ठिणगी. मी ओरडले, पण ओरडून बाबांना कळत नाही. म्हणून हातात होतं ते केलं: फळी वर धरली, म्हणजे त्यांना दिसावं की दहावा झालेला नाही, आकडा अजून नऊच आहे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाबांनी बघितलं आणि काकांना दंडाला धरून मागे ओढलं. पण टेकडीवरच्या चारशे माणसांनीही बघितलं. तोफ नवावर थांबली होती, आणि तोफेशेजारी एक मुलगी दोन हात उंचीची फळी डोक्यावर धरून त्यांना नऊचा आकडा दाखवत होती. एवढं कमी पडलं म्हणून मंचाजवळच्या काही तरुणांना ते आवडलं, आणि त्यांनी टोप्या उडवून "नऊ! नऊ!" असा गजर सुरू केला.

टेकडी हलली. पळत नव्हते, चालत होते. त्याचीच जास्त धास्ती वाटली. कवायत शिकलेली माणसं होती, रांग धरून उतरत होती. थर्बरशेठच्या साठ बंदुका वखारीच्या भिंतीलगत उभ्या राहिल्या. शेठ मंचावरून बाबांच्या नावाने ओरडत होते, "अमोस, उडव! अरे, उडव ना लवकर!" हातातला पेला तसाच वर. समितीतल्या सगळ्यांचे पेले तसेच वर, कारण तोफ उडालेली नव्हती आणि पेला खाली ठेवणंही अपशकुन.

आता माझी अडचण सांगते. बाबांच्या वहीत सातव्या पानावर एक ओळ आहे: बत्ती देऊन बार न झाल्यास दहा मिनिटं कुणीही तोफेला हात लावू नये. टेकडीवरून तोफेपर्यंत चारशे माणसांना चालत यायला तीन मिनिटं लागतात. लगेच कान टोचून दुसरी बत्ती दिली असती तर दहावा बार झाला असता आणि ती रांग जागच्या जागी थांबली असती. किंवा आत दबलेली ठिणगी त्याच क्षणी पेटली असती आणि जो कानावर वाकला असेल त्याचं तोंड गेलं असतं. प्रायमसकाका म्हणाले, "पोरी, मी टोचतो. माणसं मरायच्या आधी होऊन जाऊ दे." मी म्हटलं, "नाही. अजून नऊ मिनिटं वीस सेकंद." ते म्हणाले, "माझे हात आहेत, माझं मी बघतो." मी म्हटलं, "तोफ माझी आहे." हे मी यापूर्वी कधीच, कुणासमोरही म्हटलेलं नव्हतं. बाबांना ऐकू आलं नाही. हायरम सुताराला आलं, पण तो तेव्हा पेटीमागे आडवा झोपलेला होता.

मामा सगळ्यांत पुढे होता. तोफेपासून वीस पावलांवर त्याने हात वर केला आणि रांग थांबली. मग तो एकटा पुढे आला. चेहरा असा की मी त्याची भाची आहे हे त्याला त्या वेळी आठवत असेल असं वाटलं नाही.

"फळी खाली ठेव," तो म्हणाला. मी ठेवली. "आता उडव. दहा, अकरा, बारा, तेरा. माझ्यासमोर."

"सात मिनिटांनी," मी म्हटलं. "कानात धूर आहे. वहीत लिहिलंय."

"कुणाच्या वहीत? कुणी संमत केली ती?"

"बाबांनी लिहिली. सत्याहत्तर साली, ज्या माणसाचे हात गेले त्याच्या शेजारी उभं राहून."

मामा स्वतः दोन वर्षं तोफखान्यात होता. तो तोफेच्या कानाकडे बघत राहिला. खरंच, एक बारीक धागा निघत होता धुराचा, निळसर. त्याने मान न वळवता मागे आवाज दिला: "बसा रे. तोफ अडकली आहे. कुणी चाप ओढलेला असेल तर खाली करा." काहींनी केले. सगळ्यांनी नाही, मला आवाज मोजता आले.

एवढ्यात थर्बरशेठ पेला सांभाळत आले, आणि ती पुढची मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही, कारण एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोन गट, मधोमध एक मुकी तोफ, आणि भांडायला सहा मिनिटं मोकळी. शेठ म्हणाले तोफेत छेडछाड झाली आहे. मामा म्हणाला, "हो ना, मी काल कानात जव पेरले." शेठ म्हणाले नऊ राज्यांनी विचार करून जे मानलं ते चार राज्यांनी अडवू नये. मामा म्हणाला, "हा कागद लिहिला तिथे, फिलाडेल्फियाला, आपली माणसं पाठवली होती का? नाही. बाकीच्यांनी पाठवली ती जुन्या कराराचं छप्पर शाकारायला. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, चार महिने आत बसले, आणि घर पाडून बाहेर आले. वर आम्हाला म्हणतात, नवीन घर बघा किती छान, दार मात्र नंतर बसवू. माणसाचे हक्क कुठे लिहिलेत त्यात? दाखव." शेठ म्हणाले हक्क असतातच, लिहायचे कशाला. मामा म्हणाला, "मग तह कशाला लिहून घेतला सकाळी?" शेठ म्हणाले मार्चच्या मतदानाला बंदरातली माणसं गेलीच नव्हती, ते मतदान धरायचं नाही. मामा म्हणाला, "घरी बसलात, ते धरायचं नाही. आता पेला घेऊन उभे आहात, ते धरायचं. छान आहे."

प्रायमसकाका गजावर रेलून ऐकत होते. ते म्हणाले, "शेठ, त्या नव्या कागदात आमच्यातले पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरलीत म्हणे. मी आता मोकळा आहे, म्हणजे अख्खा. पण हे दोन हात इथे गेले तर मला कितीत धरणार, तेवढं विचारून ठेवा." शेठनी पेला दुसऱ्या हातात घेतला. मामाने पुन्हा तोफेच्या कानाकडे नजर वळवली, त्याच्या शेजारच्या शेतावरचे दोन गुलाम कुणाच्या मालकीचे आहेत ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

आठव्या मिनिटाला रांगेच्या उजव्या टोकाला कुणाचातरी धक्का लागून एक बंदूक उडाली. वरच्या वर, हवेत. वखारीच्या भिंतीकडच्या साठ नळ्या एकदम खाली आल्या, आमच्या दिशेने, म्हणजे मामाच्या आणि माझ्या. मी घड्याळाकडे बघत होते म्हणून मला खात्रीने सांगता येतं: त्यानंतर अठरा सेकंद कुणीही काहीही केलं नाही. मग बाबा, ज्यांना काही ऐकू आलं नव्हतं पण साठ नळ्या दिसत होत्या, ते शांतपणे चालत जाऊन तोफेच्या पुढ्यात, नळ्यांकडे तोंड करून उभे राहिले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "माझ्या तोफेजवळ धूम्रपान आणि गोळीबार बंद." कुणीतरी हसलं. टेकडीवरचं की बंदरातलं, कळलं नाही. नळ्या वर गेल्या.

दहा मिनिटं झाली. प्रायमसकाका पुढे झाले, तर मी त्यांच्या हातातून टोचणी घेतली आणि स्वतः कानात घातली. ती आत जाऊन पिशवीवर अडली. दाबली, वाकली. आणखी दाबली असती तर तुटून कान कायमचा बंद झाला असता. मला हवी होती लांब, बारीक, पोलादी आणि टोकदार वस्तू. शंभर पावलांत अशी वस्तू एकाच माणसाकडे होती. मी मंचाकडे चालत गेले (धावले नाही, धावणाऱ्या माणसावर बंदुका वळतात) आणि थर्बर आजींकडे विणायची एक सुई मागितली.

आजी म्हणाल्या, "टाच वळवतेय. टाके सुटले तर तुझ्या बापाला विचारीन."

मी म्हटलं सुटणार नाहीत, कुणीतरी धरेल. त्या म्हणाल्या त्या समितीतल्या कुणाच्या हातात मोजा देणार नाहीत, त्यांचे हात नऊ पेल्यांनंतर धड राहिलेले नाहीत. त्यांनी मैदानावर नजर फिरवली आणि मामाकडे बोट केलं. "तो. शेतकरी दिसतो. मेंढ्या धरल्यात त्याने." तेव्हा, मावशी, तुझ्या धाकट्या भावाने, चारशे हत्यारबंद माणसांच्या पुढाऱ्याने, बंदूक काखोटीला मारली आणि तीन सुयांवरचा अर्धा मोजा दोन्ही हातांच्या चिमटीत धरला, टाके खाली घसरू नयेत म्हणून कोपरं वर करून. त्याच्या माणसांपैकी एकही हसला नाही. यावरून त्यांच्यात त्याचा वचक किती आहे ते कळतं.

सुई गेली. आतलं कापड दोनदा, मग तिसऱ्यांदा फाटल्याचं हाताला कळलं. मी दारूकडे वळले, तर मामा म्हणाला, "तुमची नको. माझ्या कमरेचं शिंग घे. बारीक दारू आहे, कोरडी आहे, आणि मला माहीत आहे तीत काय आहे." त्याचे हात अडकलेले असल्यामुळे शिंग मीच सोडवून घेतलं. ओतलं. सगळे मागे. बाबांनी बत्ती दिली.

दहावा बार नऊनंतर सोळा मिनिटं चाळीस सेकंदांनी झाला. मंचावर सगळ्यांनी एकदम पेले घशात ओतले. टेकडीवरचे लोक मोठ्याने म्हणाले, "दहा." मी फळीवर दहा लिहिलं आणि वर धरलं. पुढचे तीन त्याच सुईने, त्याच शिंगाने. अकरा, बारा, तेरा: दर वेळी चारशे गळे मोजत होते, आणि बाराच्या वेळी मला वाटलं त्यात बंदराचेही काही होते. तेरानंतर मी पेटीवर टेकले. आजींनी मोजा परत घेऊन टाके तपासले. एक सुटला होता. मामाने माफी मागितली.

मग बैल. मक्याच्या भाकऱ्या आणि सफरचंदाचं आंबवलेलं पेय दोन्ही बाजूंनी आणलेलं निघालं. भांडणं झाली, पण तोंडाने आणि तोंडात घास असताना.

हे इथेच संपलं असतं. पण शनिवारी सकाळी न्यूपोर्टहून होडी आली आणि बातमी आली की व्हर्जिनियाने पंचवीस जूनलाच कागद मानला, दहावं राज्य. झालं. थर्बरशेठ म्हणतात दहावा बार दैवी संकेत होता. टेकडीवरचे म्हणतात बंदराला बातमी आधीच कळली होती, म्हणून नवानंतर थांबून दहावा वेगळा काढून दाखवला. आणि तो मामाच्या शिंगातल्या दारूने उडाला हे दोन्हीकडच्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मामाची स्वतःच्या लोकांतच चौकशी चालू आहे. तो आमच्याकडे आलेला नाही. बाबा विचारत नाहीत, पण संध्याकाळी टेकडीकडे तोंड करून बसतात. त्याचं पत्र आलं तर त्याला एवढंच लिही की अमोसने आणि केझियाने काही मुद्दाम केलं नाही. तुझं तो ऐकतो.

काकांना नमस्कार. खोकल्यावर मध घे.

तुझी भाची,
केझिया ग्रिनेल

ता. क. समितीला मी लेखी कारण दिलं आहे: दहावी पिशवी दमट होती. ती दमट नव्हती. चार पिशव्यांसाठी त्या सकाळी माझ्या हाताशी एकच कापड होतं, आईचा गोधडीसारखा शिवलेला हिवाळी परकर, तू तिला लग्नात केलेला. मधली लोकर मी काढली, पण तुझे टाके उसवायला वेळ पुरला नाही, तेव्हा अस्तर, वरचं कापड आणि टाके तिन्ही राहिले. ते कापड टोचणीला हार जाणार नाही हे मला मोजून कळायला हवं होतं. मी मोजलं नाही. हे प्रायमसकाकांना माहीत आहे आणि आता तुला. गावाला कळलं तर पिशव्या कोण शिवतं हे कळेल, मग दारू कोण तोलतं हेही, आणि बाबांकडून तोफ जाईल. पत्र जाळ. परकराबद्दल मला बोलायचं असेल तर भेटल्यावर बोल.

ता. क. २. म्हणून खरं काम: तुझ्या दुकानातलं सगळ्यांत पातळ फलालीन गुरुवारच्या गलबताने पाठव. एकेरी, बिनटाक्याचं. एका पिशवीला सोळा इंच लांब, तेरा इंच रुंद. शेठनी पुढच्या उत्सवासाठी दहा पिशव्यांचं मागवायला सांगितलं आहे, न्यू यॉर्क आलं तर अकरा.

ता. क. ३. हे बंद करताना प्रायमसकाका टेकडीपलीकडून आले. मामाचा निरोप आणला आहे, तोंडी, बाबांसाठी नाही, माझ्यासाठी: हक्कांची यादी त्या कागदाला जोडली गेली तर, आणि तरच, टेकडीवर एक सलामी द्यावी म्हणतो, तेव्हा तोफ तू घेऊन येशील का. बार किती, ते त्याने सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. कापड तेरा पिशव्यांचं पाठव.